दूरचे मार्गदर्शन, घरातले शिक्षण

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात मी प्रकाशतंतूंचा पाठ शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी रेंगाळत राहिली. बाकीची मुले बाहेर पडल्यावर तिने विचारले, “सर, तारेतून आवाज जातो, चित्र जाते, हे समजले. पण उपचार जातो का?”

तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. तो बोलत नव्हता, हाक मारली तरी वळून पाहत नव्हता आणि मनाविरुद्ध काही झाले की भिंतीवर डोके आपटून घेत होता. डॉक्टरांनी ऑटिझम असे निदान केले होते. आई त्याला घेऊन महिन्यातून दोनदा एस.टी.ने पुण्याला जात असे. जायला सहा तास, यायला सहा तास आणि तिथे शिकवणी पाऊण तासाची! दर वेळी दिवसाची मजुरी बुडे. अखेर ते जाणे बंद पडले. आता पुण्याच्या एक बाई आठवड्यातून एकदा मोबाईलवर चित्रासह बोलणार होत्या. पण त्या मुलाशी बोलणारच नव्हत्या. त्या शिकवणार होत्या आईला. “घरात सगळे म्हणतात, ही फसवणूक आहे. आजी तर म्हणते, आईने लक्ष दिले नाही म्हणूनच तो असा झाला. यातले खरे काय, सर?”

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावरचे जे मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारीत गेलो, आणि लक्षात आले की या प्रश्नात आपल्या पाठ्यपुस्तकातले विज्ञानही पुष्कळ दडलेले आहे. ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याच्या पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच प्रकारच्या मुलांविषयी लिहिले. त्याही आधी, १९२५ साली, रशियातील ग्रून्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी तशी वर्णने केलेली होती.

स्वमग्नता हा साथीने पसरणारा रोग नव्हे. मेंदूच्या वाढीची ती एक निराळी वाट आहे आणि ती लहानपणापासूनच असते. अशा मुलांना इतरांशी देवाणघेवाण करणे अवघड जाते. काही मुले बोलत नाहीत, काही भरपूर बोलतात. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव त्यांना सहज उमगत नाही. एकच कृती पुन्हा पुन्हा करणे, रोजच्या क्रमात बदल न खपणे, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज असह्य होणे, अशी लक्षणेही आढळतात. कोणाला जन्मभर मदत लागते, तर कोणी शिकून नोकरी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे हजार-बाराशे मुलांच्या शाळेत अशी काही मुले असणे मुळीच नवलाचे नाही. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे.

दोष कोणाचा?

आता आजीबाईंच्या म्हणण्याकडे वळू. तसे म्हणणाऱ्या त्या एकट्याच नव्हेत. एके काळी मोठमोठे विद्वानही हेच म्हणत. आईच्या मायेत ऊब नसते म्हणून मूल असे होते, ही कल्पना १९५० आणि १९६० च्या दशकांत फार बोकाळली होती. अशा आयांना ‘शीतपेटी आई’ असे निष्ठुर नावही मिळाले होते. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने या समजाला आणखी बळ दिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने मात्र १९६४ सालीच त्याला विरोध केला होता. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

वाद मिटवायचा तर मोजमाप हवे. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २१ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. ११ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या, म्हणजे दोघांची जनुके सारखीच. उरलेल्या १० जोड्यांची जनुके सख्ख्या भावंडांइतकीच जुळणारी. एकसारख्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसरे भावंडही स्वमग्न निघाले. दुसऱ्या १० जोड्यांत एकही नाही.

विचार करा. दोन्ही गटांतली जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेली. आईची वागणूक हेच कारण असते, तर दोन्ही गटांत सारखेच आकडे यायला हवे होते. फरक पडला तो जनुकांच्या सारखेपणामुळे. पुढच्या मोठ्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. १९९८ साली एका लेखाने लसीवर संशय घेतला होता. तो लेख २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा आईवरचा आरोप खोटा ठरतो. आईला शिकवायचे ते तिची चूक झाली म्हणून नव्हे. मग कशासाठी? त्याचे उत्तर थोडे पुढे येईल.

यंत्र हलेना, संदेश हलवा

दुरून वैद्यक करण्याची कल्पना मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी आहे. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्टहोव्हेन यांनी हृदयाचे विद्युत्-स्पंदन टिपणारे तंतू-गॅल्व्हानोमीटर बनवले होते. ते यंत्र अतिशय अवजड. रुग्णालयात ते नेता येईना आणि रुग्णांना प्रयोगशाळेत आणणे सोयीचे नव्हते. तेव्हा १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून, सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातून, हृदयाचे स्पंदनच प्रयोगशाळेत आणले! याच आइन्टहोव्हेनना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६४ साली अमेरिकेतील नेब्रास्काच्या मनोविकार संस्थेने ११२ मैलांवरच्या नॉरफोक येथील रुग्णालयाशी दुहेरी दूरचित्रवाणीने संपर्क जोडला.

आज ते काम खिशातला मोबाईल करतो. त्यामागचे गणित पाहा. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे साधे चित्र घेतले तर एकूण ठिपके ३,०७,२००. दर ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि दर सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १८ कोटी ४३ लाख बिट पाठवावे लागतील. खेड्यातल्या जाळ्याला हे झेपणार नाही. म्हणून प्रत्येक चित्र पुरते न पाठवता मुख्यतः आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच पाठवतात. मागची भिंत स्थिर, मूल तेवढे हलते. मग भिंत पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? या आणि अशाच इतर युक्त्यांनी ४-५ लाख बिटांत काम भागते. म्हणूनच मोबाईल हातात धरण्याऐवजी डब्याला टेकवून ठेवावा आणि खिडकी मुलाच्या पाठीमागे येऊ देऊ नये, असे मार्गदर्शक सांगतात.

दोन फेरे, दोन वेग

आता मुख्य प्रश्न. बाई थेट मुलाला न शिकवता आईला का शिकवतात?

पहिले कारण साध्या त्रैराशिकाचे आहे. मूल दिवसाला बारा तास जागे असते असे धरू. आठवड्याचे ८४ तास झाले. बाईंचा त्यातला तास एक. उरलेले ८३ तास जेवण, आंघोळ, खेळ, रडणे, सारे घरच्यांबरोबर होते. शिकण्याचे प्रसंग त्या ८३ तासांत विखुरलेले असतात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते समजण्यासाठी गिझरचा नळ आठवा. पाणी गार लागते म्हणून आपण गरम नळ सोडतो. पण गरम पाणी नळीतून यायला वेळ लागतो. तोवर आपण नळ आणखी सोडतो आणि एकदम चटका बसतो. घाईने बंद करतो, तर पुन्हा गारठा. आपली कृती आणि तिचा परिणाम यांत विलंब पडला की सुधारणा चुकत जाते. परिणाम पाहून पुढची कृती बदलणे याला प्रत्याभरण म्हणतात. उशिरा आलेले प्रत्याभरण कधीकधी नसल्याहून वाईट ठरते.

मुलाने पाण्याच्या हंड्याकडे क्षणभर पाहिले. हा त्याचा ‘शब्द’च आहे. त्याच क्षणी आईने “पाणी?” म्हणून पेला पुढे केला, तर पाहणे आणि पाणी मिळणे यांची सांगड त्याच्या मनात बसते. दहा सेकंदांनी पेला आला तर तोवर त्याचे लक्ष पंख्याकडे गेलेले असते. हा फेरा एक-दोन सेकंदांत पुरा व्हावा लागतो.

दूरच्या बाईंना हे साधेल का? प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दोनशे किलोमीटरला एक सहस्रांश सेकंद पुरतो. पण चित्र आकसून, साठवून, उलगडून दाखवण्यात सेकंदाचे काही दशांश जातात आणि जाळे कमकुवत असेल तर चित्र थिजूनच राहते. शिवाय बाईंच्या हाती पेला नाही! तेव्हा मुलाबरोबरचा वेगवान फेरा घरातल्या माणसानेच चालवला पाहिजे.

दुसरा फेरा बाई आणि आई यांच्यातला. “तुम्ही पेला फार लवकर दिलात, त्याला बघायला वेळच मिळाला नाही, उद्या मनात पाच अंक मोजा आणि वाट पाहा.” ही सूचना पाच मिनिटांनी मिळाली काय किंवा मुद्रित चित्रफीत पाहून दुसऱ्या दिवशी मिळाली काय, बिघडत नाही. हा फेरा संथ आहे, म्हणून तो दुरूनही चालतो. दूरच्या मार्गदर्शनाचे रहस्य एवढेच आहे. वेगवान काम घरात ठेवायचे आणि संथ काम तारेवर टाकायचे.

घर हीच प्रयोगशाळा

डोके आपटणाऱ्या मुलाचे काय? आपण म्हणतो, तो हट्टी आहे. शास्त्रज्ञ विचारतो, या वागण्यातून त्याला मिळते काय? अर्थात त्याआधी कान, दात, पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे लागते.

१९८२ साली ब्रायन आयवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधण्याची प्रायोगिक पद्धत मांडली. लंबकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलतो आणि बाकीच्या राशी तशाच ठेवतो. इथेही तसेच. आई मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पाच-पाच मिनिटांचे निरनिराळे प्रसंग घडवते. एकात मुलाबरोबर मनसोक्त खेळ. दुसऱ्यात आई जवळ असूनही दुसऱ्या कामात. तिसऱ्यात आवडते खेळणे बाजूला ठेवलेले. चौथ्यात एखादे नावडते काम करायला सांगितलेले. समजा, त्रासदायक वागणे अनुक्रमे ०, १, १ आणि ८ वेळा घडले. निष्कर्ष काय काढाल? मूल लक्ष वेधण्यासाठी किंवा खेळण्यासाठी नव्हे, तर काम थांबावे म्हणून डोके आपटते. ‘पुरे’ हा शब्द त्याच्यापाशी नाही, म्हणून तो डोक्याने बोलतो.

मग त्याला ‘पुरे’ द्यायचा. तो शब्द असेल, हाताची खूण असेल किंवा एखादे चित्रकार्ड असेल. कार्ड दिले की काम तत्काळ थांबते. डोके आपटले तर त्याला इजा होऊ न देता तोच हात हळूच कार्डाकडे न्यायचा. हळूहळू ‘आधी एक घास, मग पुरे’ असे कामही वाढवता येते. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिले की वागण्यामागचा हेतू ओळखून त्याच हेतूचा शब्द शिकवला, तर त्रासदायक वागणे कमी होते. चुकीचा शब्द शिकवला तर तसे होत नाही. म्हणजे आधीचा प्रयोग टाळून चालत नाही.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील आयोवा राज्यात शेते अफाट आणि गावे विखुरलेली. तेथील विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी हीच पद्धत आईबापांना दुरून शिकवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०७ लहान मुले होती. काही स्वमग्न, काहींना विकासाच्या इतर अडचणी. एका गटाच्या घरी तज्ज्ञ स्वतः गेले. दुसऱ्या गटाचे आईबाप जवळच्या दवाखान्यात येऊन पडद्यावरून शिकले. तिसऱ्या गटाने घरूनच संपर्क साधला. तिन्ही गटांत त्रासदायक वागणे सरासरी ९० टक्क्यांहून अधिक कमी झाले आणि दूरच्या पद्धतीत खर्च कमी आला. लक्षात घ्या, इथे मोजले ते त्रासदायक वागणे. ‘ऑटिझम ९० टक्के बरा झाला’ असा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा होय.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. गोव्यात ‘संगत’ ही संस्था आहे. तिने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांनी ब्रिटनमधील एक पद्धत दक्षिण आशियाला साजेशी करून घेतली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाकडे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते सहा महिने, दर पंधरवड्याला जात. हे डॉक्टर नव्हते की विशेषज्ञही नव्हते. आई आणि मूल खेळत असताना ते चित्रफीत घेत आणि मग दोघे मिळून ती पाहत. कोणत्या क्षणी मुलाने खूण केली आणि आईने ती पकडली, हे आईला स्वतःच्याच चित्रात दिसे. यात कार्यकर्ते प्रत्यक्ष जात, पडद्यावरून नव्हे. पण आईला चित्रफितीतून प्रत्याभरण देण्याचे तत्त्व तेच.

२०१६ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त निष्कर्ष आले. मुलाच्या खुणेला धरून प्रतिसाद देणे आईबापांत स्पष्टपणे वाढले. मुलाने आपण होऊन संवाद सुरू करणेही वाढले. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढण्याऐवजी कमी झाला. संशोधकांनी हा न आवडणारा आकडाही छापला. प्रयोगवहीत नको ते वाचन खोडून टाकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

मर्यादा

ऐकू येते की नाही ही तपासणी, फिट्स, दुखणे, यांसाठी प्रत्यक्ष डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय घडले ते मार्गदर्शकाला दिसत नाही. चित्रफीत कोण पाहणार आणि ती कुठे राहणार, हे आधी विचारून घ्यावे. मूल लहान असले तरी त्याची लाज त्याचीच असते. भारत सरकारने २५ मार्च २०२० रोजी डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ती विचारण्यात संकोच नको. ‘ऑटिझम समूळ घालवतो’ असे सांगून पैसे मागणारे पडद्यावर पुष्कळ भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे.

आणखी एक. शिकवण्याचा हेतू मुलाला चारचौघांसारखे दिसायला लावणे हा नसावा. आपले म्हणणे सांगण्याचे साधन त्याच्या हाती यावे, हा असावा. आणि हे सारे ओझे एकट्या आईवर टाकू नये. बाप, ताई, आजी, सर्वांनी शिकण्यासारखी ही गोष्ट आहे.

करून पाहा

१. एका मित्राला डोळे मिटायला सांगा. टेबलावर एक नाणे ठेवा. ‘डावीकडे’, ‘पुढे’, ‘थांब’ अशा सूचना देऊन त्याचे बोट नाण्यापर्यंत न्या. लागलेला वेळ घड्याळाने मोजा. आता प्रत्येक सूचना मनात तीन अंक मोजून मगच द्या. पाच-पाच वेळा करून सरासरी काढा आणि विलंबाने काय बिघडले ते लिहा.

२. आपल्याच एखाद्या सवयीची, उदाहरणार्थ अभ्यासातून उठण्याची, आठवडाभर नोंद ठेवा. तीन रकाने करा: आधी काय घडले, मी काय केले, लगेच काय मिळाले. दुसऱ्याची नोंद त्याला न विचारता करू नका.

शिक्षकबंधुभगिनींना विनंती अशी की, या लेखाच्या आधारे वर्गातल्या कोणाही मुलावर शिक्का मारू नये. निदान हे तज्ज्ञांचे काम आहे. हाक मारल्यावर दहा सेकंद वाट पाहणे, आवाज कमी करणे, कामाचा क्रम फळ्यावर लिहून ठेवणे, एवढे मात्र निदान नसतानाही करता येते.

त्या विद्यार्थिनीने पुढे चार महिने रोजची नोंद ठेवली. वही मला दाखवायला आणली तेव्हा शेवटच्या पानावर लिहिले होते: “आज त्याने रिकामा पेला माझ्या हातात दिला.” तिचा भाऊ अजून बोलत नाही. पण त्या महिन्याच्या नोंदीत पाण्यासाठी डोके आपटल्याची एकही खूण नव्हती. आणि ती वही आजीलाही वाचून दाखवली होती, असे तिने मला मुद्दाम सांगितले.